पाचवीच्या नवीन पोरांची इंग्लिश लेव्हल टेस्ट: पहिल्यांदाच घेताय ना, मग हे वाचा

जूनमध्ये शाळा उघडली की आमच्याकडे पाचवीला आजूबाजूच्या आठ-दहा वाड्यावस्त्यांवरनं मुलं येतात, बहुतेक सगळी जिल्हा परिषदेच्या शाळांतली. कुणाचं पहिलीपासून सेमी-इंग्लिश (काही विषय इंग्लिशमधून) झालेलं असतं, कुणाच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग, कुणी दोन वर्षं इंग्लिश मीडियमला काढून फी झेपेना म्हणून परत आलेलं. कागदावर बघायला गेलं तर महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्लिश आहे, म्हणजे सगळ्यांची चार-चार वर्षं झालेली. प्रत्यक्षात एक पोरगं गोष्टीचं पुस्तक वाचतं आणि त्याच बाकावरचं दुसरं छोटा बी आणि छोटा डी यातच अडकलेलं असतं. या दोघांना एकदमच गणित-विज्ञान इंग्लिशमधून सुरू करायचं असतं, म्हणून ही टेस्ट. आणि ती दरवर्षी स्टाफरूममधल्या सगळ्यात नवीन माणसाच्या गळ्यात पडते. यंदा तुमच्या पडली असेल तर मी सात-आठ वर्षांत जे आपटून-धोपटून शिकलो ते सांगतो.

आधी हे ठरवा की टेस्ट कशासाठी

पहिली गोष्ट, ही टेस्ट प्रवेश झाल्यानंतरच घ्यायची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कसलीही चाळणी लावता येत नाही, त्यामुळे "आधी टेस्ट देऊ दे मग बघू" असं ऑफिसमधून कुणी पालकांना सांगत असेल तर ते तिथेच थांबवा. नाव हजेरीत चढलं, मूल दोन-चार दिवस वर्गात बसलं, वर्गाचा वास अंगवळणी पडला की मग टेस्ट.

दुसरं म्हणजे निकालाचं करणार काय ते हेडमास्तरांकडून आधी वदवून घ्या. जादा तास किती, शिकवायला माणसं किती, त्यावर गट किती करायचे ते ठरतं. आमच्याकडे दोन शिक्षक आणि रोजचा एक तास मिळतो, म्हणून आम्ही तीन गटांच्या वर जात नाही (तिसरा गट स्वतःचं स्वतः वाचणारा, त्याला वाचनपेटी दिली की झालं). एका वर्षी कुणीतरी हौसेनं सहा गट केले, रंगीत तक्ता वगैरे लावला, आणि शिकवायला मी एकटा. तो तक्ता दिवाळीपर्यंत भिंतीवर छान दिसला.

पेपर कुठून आणायचा

शून्यातून काही बनवू नका. प्रथम संस्थेचं असर सर्वेक्षण (गावोगावी मुलांना वाचता येतं का ते बघणारं) २००५ पासून चालू आहे आणि त्यांची तपासणीची साधनं नेटवर फुकट मिळतात. त्यातलं इंग्लिशचं साधन एका कागदाचं आहे: कॅपिटल अक्षरं, स्मॉल अक्षरं, छोटे सोपे शब्द, आणि चार सोपी वाक्यं. नियमही सुटसुटीत आहे, पाच अक्षरांपैकी चार बरोबर आली की ती पायरी पार, पाच शब्दांपैकी चार आले की पार, आणि चार वाक्यांपैकी निदान दोन न अडखळता वाचली की वाक्याची पायरी पार. मूल शेवटी ज्या पायरीवर पोचलं ती त्याची लेव्हल.

पण हे साधन खालची बाजू मोजायला आहे, पाचवीतल्या बऱ्या मुलांना ते दोन मिनिटांत संपतं. म्हणून वरती आम्ही चार गोष्टी जोडतो: साधारण ६० शब्दांचा एक न पाहिलेला उतारा आणि त्यावर पाच प्रश्न, पाच खोटे शब्द, ऐकून करायच्या पाच सूचना, आणि दहा शब्दांचं श्रुतलेखन.

खोटे शब्द म्हणजे टिब, मॉग, फेप असले, ज्यांना काहीच अर्थ नाही. हे कशाला असं सगळे विचारतात. कारण आपली पोरं पाठांतरात वस्ताद असतात. बालभारतीचं पान उघडलं की एक मुलगी चित्र बघून अख्खी कविता घडाघडा म्हणते, बोट मात्र तिसऱ्याच ओळीवर असतं. खोटा शब्द कुणाला पाठ असणार, तिथे अक्षर जुळवूनच वाचावं लागतं. मुलाला मराठीत आधी सांगा की "हे गमतीचे शब्द आहेत, यांना अर्थ नाही, फक्त वाच", नाहीतर ते टिबचं टब करून वाचतं आणि आपण म्हणतो चुकलं. अर्थात उतारासुद्धा पुस्तकातला घ्यायचा नाही, तुमचा तुम्ही लिहा, शेळी विहिरीकडे गेली, बाबा बाजारला गेले, असला.

फॉन्टची एक बारीक गंमत. छापील पुस्तकात स्मॉल ए ला वर टोपी असते आणि स्मॉल जी ला खाली दोन पोटं, आपण फळ्यावर तसे काढतच नाही. ज्या मुलानं फक्त फळ्यावरची अक्षरं बघितलीत ते तिथे अडतं. कॉमिक सॅन्समध्ये दोन्ही अक्षरं हातानं लिहिल्यासारखी येतात, लोक त्या फॉन्टला हसतात पण या कामाला तो बेस्ट. साइज मोठी ठेवा.

ए-बी-सी-डी पर्यायांचे प्रश्न मी काढूनच टाकले. चार पर्यायांचे २० प्रश्न असले की डोळे मिटून टिका करणाऱ्याचेसुद्धा सरासरी ५ बरोबर येतात, म्हणजे २० पैकी ६ मिळालेल्या मुलाबद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नसतं. आणि पेपरचे दोन सेट करा, नक्की करा. पहिलं पोरगं बाहेर पडलं की दोन मिनिटांत व्हरांड्यात "शेळी विहिरीकडे जाते, काय विचारलं तर विहीर सांग" हे सगळ्यांना कळलेलं असतं.

वेळेचा हिशोब

एका मुलाला तोंडी घ्यायला सहा मिनिटं धरा. ६० मुलं म्हणजे ३६० मिनिटं, सहा तास निव्वळ, त्यात पाणी, लघवी, "सर याला घरी बोलावलंय" हे धरलेलं नाही. दोन शिक्षक असतील तर दोन सकाळी लागतात. एका दिवसात उरकायच्या नादाला लागू नका, दुपारी तीनला तुमचा कान थकलेला असतो आणि शेवटच्या वीस पोरांवर अन्याय होतो, आधी रागावून कमी देतो मग दया येऊन जास्त.

श्रुतलेखन मात्र सगळ्यांचं एकदम होतं, अर्धा तास. प्रत्येक शब्द तीनदा: एकदा नुसता, एकदा छोट्या वाक्यात, परत एकदा नुसता. आवाज सगळीकडे पोचतोय ना ते मागच्या बाकावर एक शिक्षक बसवून बघा. हे अनुभवानं सांगतोय, एका वर्षी मुलींच्या तुकडीचे मार्क एकदम पडले, आम्ही कारणं शोधतोय की मुलींना इंग्लिश अवघड जातं की काय, मग शिपाईमामांनी आठवण करून दिली की त्या दिवशी पाऊस होता आणि त्या खोलीला पत्रे आहेत. पत्र्यावर जूनचा पाऊस, त्यात शिप काय आणि चिप काय. सगळं परत घेतलं.

समोर बसवून घेताना

टेबलाच्या समोरासमोर बसू नका, कोपऱ्याला बसवा, पोलीस चौकीसारखं वाटायला नको. पहिलं एक मिनिट मराठीत गप्पा, कुठल्या वाडीचा, येताना चिखल होता का, घरी म्हशी किती. हा वेळ वाया जात नाही, यात तुम्हाला मुलाचा आवाज कळतो, ऐकायला कमी येतं का ते कळतं. कागद नाकाला लावून बघणारं मूल दिसलं तर टेस्ट बाजूला ठेवा आणि आधी डोळ्यांचं बघा.

सूचना सगळ्या मराठीत द्यायच्या. काही जणांना हे पटत नाही, इंग्लिशची टेस्ट आणि मराठीत सूचना. पण इंग्लिशमध्ये "आता रेषेखालचे शब्द मोठ्यानं वाच" म्हणालात आणि मूल गप्प बसलं, तर त्याला शब्द येत नव्हते की तुमची सूचना कळली नाही हे तुम्ही कसं सांगणार? सूचनेची वाक्यं एका कागदावर लिहून ठेवा आणि दोन्ही शिक्षकांनी तीच वाक्यं वापरा. मी "येतंय तेवढं वाच" म्हणतो आणि शेजारच्या मॅडम "नीट वाच हं, चुकू नको" म्हणत असतील तर आमच्या दोघांच्या टेस्ट वेगवेगळ्या झाल्या.

ऐकण्याच्या सूचना तेवढ्या इंग्लिशमध्ये. पेन्सिल वहीखाली ठेव, नाकाला हात लाव, दाराकडे बोट कर, असल्या. इथे तुमचे डोळे आवरा. तुम्ही दार म्हणताना दाराकडे बघितलंत की पोरगं तुमच्या नजरेच्या मागे जातं, ते फार चाणाक्ष असतं. मी कागदाकडे बघूनच वाचतो. रिपीट एकदाच.

वाचताना अडलं तर तीन सेकंद थांबा, मनात मोजा, मग फक्त "पुढचं वाच" म्हणा. शब्द सांगायचा नाही, मान हलवायची नाही, "बरोब्बर!" पण नाही, कारण तीन वेळा बरोब्बर म्हणून चौथ्यांदा गप्प बसलात की त्याला कळतं चुकलं. "छान, पुढे" हे बरोबरलाही आणि चुकीलाही एकाच सुरात. पहिली दहाच्या दहा अक्षरं चुकली तर तिथेच थांबवा, ऐकण्याच्या सूचनांवर जा, त्यात बहुतेक मुलांना काहीतरी येतंच, आणि हसत उठू द्या. रडत उठलेलं मूल पुढे महिनाभर तुमच्या तासाला तोंड उघडत नाही.

उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं मराठीत दिली तरी पूर्ण मार्क. तिथे आपण समजलं का ते बघतोय. बोलता येतं का ते बघायला वेगळे तीन साधे प्रश्न ठेवा, आणि एका शब्दाचं उत्तरही धरा, आपण तरी "चहा घेणार का" ला पूर्ण वाक्यात कुठे उत्तर देतो.

चूक कशाला म्हणायचं

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उच्चाराचा हेल ही चूक नाही. मराठीत व एकच आहे, त्यामुळे व्हॅन आणि वन यांची सुरुवात सारखीच येणार. झू चं जू होणार, आणि इस्कूल म्हणणारे तर आपल्यातही आहेत. मूल घरी जसं बोलतं तसाच इंग्लिश शब्द आला आणि शब्द तोच आहे हे कळलं, की बरोबर. चुकून वाचलं आणि स्वतःच सुधारलं तरी बरोबर. शब्द गाळला, दुसराच वाचला, तीन सेकंदांत आलाच नाही, तर चूक.

मग लाइक ला लिके वाचणारं मूल? ही चूकच, पण माझ्या मते वर्गातली सगळ्यात चांगली चूक. त्यानं एल-आय-के-ई ही चारही अक्षरं ओळखली, जुळवली, आणि देवनागरीच्या हिशोबानं जसं दिसतं तसं वाचलं, कारण मराठीत लिहिलेलं सगळं वाचायचंच असतं. शेवटचा ई मुका असतो हे त्याला कुणी सांगितलंच नाही. हे मूल दोन-तीन आठवड्यांत पुढे जातं. याउलट लाइक ला लुक, लव, लायन असं पहिलं अक्षर बघून काहीही ठोकणारं मूल ऐकायला जास्त इंग्लिश वाटतं, पण ते अंदाजपंचे चाललंय. म्हणून फक्त बरोबर-चूक खूण करू नका, चुकल्यावर त्यानं काय म्हटलं ते शब्दाच्या वर देवनागरीत लिहा. लिके, माके, वाल्क. संध्याकाळी ते कागद बघितले की पुढच्या महिन्याचं टाचण आपोआप तयार होतं.

श्रुतलेखनात पण तसंच. केक ला के-ई-के लिहिलं तर आम्ही एक मार्क देतो, बरोबर स्पेलिंगला दोन, आणि ज्यात आवाजाचा पत्ताच नाही त्याला शून्य. के-ई-के लिहिणाऱ्याला ए हा आवाज ऐकू आलाय आणि तो ई या अक्षरानं लिहितात असा त्याचा समज आहे, यात अक्कल आहे. सगळं चूक म्हणून लाल रेघ मारली तर ते आणि कोरा कागद देणारं एकाच गटात पडतात.

कॅपिटल पक्की आणि स्मॉलमध्ये गोंधळ हे सर्रास दिसेल, आपल्या लिपीत मोठं-छोटं अक्षर ही भानगडच नाही. बी-डी-पी-क्यू उलटसुलट झाले की लगेच डिस्लेक्सिया म्हणू नका, सहा मिनिटांच्या टेस्टवरनं ते कुणालाच सांगता येत नाही. वर्षभर शिकवूनही हललं नाही तर तज्ज्ञाकडे पाठवायचं.

आकडेमोड

उताऱ्याची गणती अशी. एक मिनिटाचा टायमर मोबाईलवर लावा, चुकलेल्या शब्दावर तिरकी रेघ, मिनिट संपलं तिथे कंस. समजा पोरगं ४२ व्या शब्दापर्यंत पोचलं आणि ६ चुका, तर मिनिटाला बरोबर शब्द ३६. अख्खा उतारा मिनिटाच्या आत संपला तर वेळ लिहून घ्या: ६० शब्द ५० सेकंदांत, चुका ४, म्हणजे बरोबर ५६, भागिले ५० गुणिले ६०, आले ६७.

वेगापेक्षा अचूकपणा मला जास्त कामाचा वाटतो. वाचन तपासताना साधारण असं धरतात की शंभरात ९५ किंवा जास्त शब्द बरोबर आले तर मजकूर त्या मुलाला सोपा, ९० ते ९४ म्हणजे शिक्षकाच्या मदतीनं जमेल, ९० च्या खाली म्हणजे जड. वरच्या उदाहरणात ४२ पैकी ३६ म्हणजे ८६ टक्के, हे पुस्तक त्याला अजून जड आहे, कितीही भरभर वाचलं तरी.

आणि कृपा करून सगळ्याची बेरीज करू नका. ऑफिसला एक आकडा हवा असतो, "४० पैकी किती ते सांगा". बघा काय होतं: कॅपिटल १०, स्मॉल १०, शब्द १०, वाक्यं ५, प्रश्न ५ असे ४० मार्क धरले. एका मुलाला १०, १०, ८, ०, ०, एकूण २८. दुसऱ्याला ७, ५, ८, ४, ४, एकूण २८. पहिल्याला शब्दाच्या पुढे काही येत नाही, दुसरा वाक्यं वाचून समजून उत्तरं देतोय, सुरुवातीला घाबरला आणि बी-डी मध्ये गडबडला एवढंच. यांना एका गटात बसवाल? म्हणून पायरी लिहा, बेरीज नाही. ऑफिसला पायरीचा नंबर द्या, १ ते ५, ते खूश आपण खूश.

गट पाडायच्या आधी अजून एक काम, जे सगळे टाळतात. दहा मुलांचं रेकॉर्डिंग (पालकांना विचारून, आणि काम झालं की डिलीट) आणि दहा श्रुतलेखनाचे कागद दोन्ही शिक्षकांनी एकमेकांचं न बघता तपासायचे. दहापैकी नऊ मुलं दोघांनी एकाच पायरीवर टाकली तर ठीक. जास्त फरक पडला तर कोण बरोबर यावर वाद न घालता ते रेकॉर्डिंग एकत्र ऐका आणि नियम कुठे वेगळा लावला ते बघा. आमचा एकदा चार मुलांत फरक आला, कारण मॅडम अक्षराचं नाव मागत होत्या आणि मी "ब" असा नुसता आवाज केला तरी धरत होतो. आता आम्ही दोन्ही धरतो.

गट आणि पालक

काठावरच्या मुलाला वरच्या गटात टाका. एका शब्दानं पायरी हुकली याला फारसा अर्थ नाही, तेच मूल उद्या घेतलं तर पार करेल. वर नाही झेपलं तर खाली आणता येतं, पण खाली बसवलेलं हुशार पोरगं कंटाळून खोड्या काढायला लागतं आणि मग "बघा, म्हणूनच खाली टाकलं होतं" असं होतं.

गटांना ए-बी-सी नावं देऊ नका म्हणतात, आम्ही नद्यांची दिली होती. तिसऱ्या दिवशी मैदानावर एक जण दुसऱ्याला "तू गोदावरी ना, म्हणजे ढ" म्हणत होता. मुलांपासून काही लपत नाही. त्यापेक्षा गट फक्त त्या एका तासापुरते ठेवा, बाकी दिवसभर सगळे एकत्र, आणि दर महिन्याला दोन-चार जण इकडनं तिकडे जाताना दिसू द्या.

पालक विचारणार "किती मार्क पडले". आकडा सांगायचा नाही. "सोपे शब्द वाचतो, वाक्य वाचताना अडखळतो, आत्ता दोन महिने आम्ही वाक्यं घेणार, घरी रोज पाच मिनिटं त्याच्याकडून ऐका, तुम्हाला इंग्लिश येत नसलं तरी चालेल" एवढं सांगा. आईला येत नसेल तर उलट बरं, पोरगं तिला शिकवायला बसतं.

तिसऱ्या आठवड्यात काठावरच्या मुलांची दुसऱ्या सेटनं परत टेस्ट घ्या, सगळ्यांची नको. मग दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्यांची. ही दिवाळीआधीची आमच्याकडे चुकवून चालत नाही, कारण त्यानंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं निघतात आणि वर्गातली सात-आठ मुलं कारखान्याच्या तळावर जातात ती मार्च-एप्रिललाच परत दिसतात. जाताना त्या मुलाची पायरी आणि लिके-माके चा कागद त्याच्याच दप्तरात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतो, तिकडच्या शाळेत बसलं तर तिथल्या बाईंना उपयोगी पडतो. एक प्रत आमच्या कपाटात. परत आलं की नव्या सेटनं सहा मिनिटं, जुन्या कागदाशेजारी नवा ठेवायचा, आणि गट त्याच दिवशी ठरवायचा, पुढच्या जूनची वाट बघायची नाही.